सगुणाचं खडप

निवृत्तीला आठ महिने उरले असताना माझं पोस्टिंग नौदलाच्या सर्वेक्षण जहाजावर झालं. हुद्दा चीफ पेटी ऑफिसर. काम एकच: पडद्यावर सागरी नकाशा दाखवणारं नवं सॉफ्टवेअर तपासायचं. आखलेला मार्ग उथळ पाण्यावरून जात असेल, तर त्याने आधीच घंटा वाजवली पाहिजे. मी सही केली की ते इतर जहाजांवर चढणार होतं.

बारा दिवस रोज ०८०० ला चाचण्या सुरू व्हायच्या. सगळ्या पास. कंपनीचा इंजिनिअर खूश. मी गोव्यातल्या डोंगराळ लाटंबार्सेचा, फुकटचा विश्वास ठेवणं आमच्या रक्तात नाही. शेवटच्या दिवशी मी माझ्या मनाने एक मार्ग आखला, थेट सगुणाच्या खडपावरून.

खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. सगुण पेडण्यातल्या केरीचा, दर्याकाठचा, माझा बॅचमेट. "काजीच्या रानातलो तू, तुका दर्यातली खडपां खंय दिसतली?" असं चिडवायचा. हे खडप त्यानेच शोधलं. पाण्याखाली जेमतेम दोन मीटर. खोली पक्की करायला तो शिसं बांधलेली दोरी घेऊन पुन्हा बोटीतून गेला. लाटेने बोट उलटवली. सगुण गेला. मेणकापडातली वही सापडली. तिच्यातलाच आकडा आज नकाशावर आहे.

सॉफ्टवेअरने सांगितलं, मार्ग सुरक्षित.

माझं डोकंच फिरलं. नकाशा मोठा केला, खडप दिसलं. लहान केला, गायब. पडद्यावर जे दिसत नव्हतं, ते सॉफ्टवेअर मोजतच नव्हतं.

"झूम करा ना चीफ, दिसतंय की," इंजिनिअर म्हणाला.

"कुठे झूम करायचं हे ठाऊक असेल, तर घंटा हवी कशाला?"

कॅप्टनने विचारलं, "सही?"

"नाही, सर."

"मुख्यालय वाट बघतंय."

"बघू दे, सर. या खडपावर आपला माणूस गेलाय."

त्यांनी सही न झालेला कागद इंजिनिअरकडे परत दिला. मग म्हणाले, "कॅरी ऑन."

दुरुस्तीला तीन आठवडे लागले. मग आम्ही जहाज खरोखरच खडपाच्या दिशेने नेलं. नकाशा मुद्दाम लहान ठेवला. वेळ १०१०. मी चार्टरूममधून ब्रिजवर कॅप्टनला कळवलं.

"ब्रिज, चार्टरूम. खडप पुढे, दोन मैल."

"रॉजर. अलार्म?"

"अजून नाही."

आणि घंटा वाजली. कर्कश, कानठळ्या बसवणारी. तिच्याइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही. कॅप्टनने जहाज वळवलं. इंजिनिअरने मला मिठी मारली. मी सही केली आणि बेशक रडलो.

सुट्टीत केरीला गेलो. सगुणाची आई अंगणात मासे सुकवत होती. मी सगळं सांगितलं.

"सगळ्या बोटींनी वाजता ती घांट?"

"ही मशीन आसा थंय सगळ्यांनी, आवय."

ती उठली, हात पुसले आणि कुंपणापलीकडच्या शेजारणीला मोठ्याने हाक मारली.

"आयकलंय गो? तां खडप माज्या झिलान सोदून काडलां!"