हँडलला टांगलेला रेडिओ

अकोल्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आम्ही दोघं एका बाकावर शेजारी बसायचो, एका कपातला चहा अर्धा अर्धा प्यायचो, आणि तरी त्या वर्षी माझा दोस्त मला डोळ्यासमोर नकोसा झाला होता. ट्रान्झिस्टरचं काम शिकायला शेठनं त्याला मुंबईला पाठवलं, मला नाही. झालं! जीव असा जळला, की त्याच्या हातची सुपारीही मी घेईना.

तोवर सगळं काम व्हॉल्व्हच्या, म्हणजे आत काचेचे दिवे असलेल्या, मोठ्या रेडिओंचं. व्हॉल्व्ह तापला तर जिवंत, थंड तर मेला. बोट लावून मी बरोबर सांगायचो. दोस्त परतला त्याच आठवड्यात पहिला ट्रान्झिस्टर दुकानात आला. सवयीनं मी आत बोट घातलं. सगळं गार! गिऱ्हाइकासमोर बोलून गेलो, "हा खल्लास आहे."

दोस्त हसत सुटला. "अबे, हे तापतच नाही! मढ्याची नाडी पाहून राहिला काय?" गिऱ्हाईक हसलं, शेठही हसला. मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

शेठ अमरावतीला दुसरं दुकान काढणार होता आणि तिथला मोठा मेकॅनिक आमच्यातलाच एक होणार होता. ती जागा मला हवी होती. त्याहीपेक्षा, खरं सांगू? ती त्याला मिळायला नको होती. वर्षभर मी भंगारातले ट्रान्झिस्टर खोलले, बिघडवले, पुन्हा जोडले. दोस्त म्हणायचा, "काही अडलं तर विचार ना बे." मी म्हणायचो, "काही नाही अडलं." अडलेलं रोजच असायचं, पण त्याला विचारेल कोण!

उन्हाळ्यात तेल्हाऱ्याच्या एका भाजीवाल्याचा रेडिओ दुरुस्त करून दिला तरी परत आला. दुकानात खणखणीत वाजायचा, गावाच्या रस्त्याला लागला की मुका. दोस्तानं मुंबईत शिकवल्याप्रमाणे एकेक पार्ट बदलून पाहिला होता. शेठ वैतागून म्हणाला, "याले जो वाजता करीन, तोच अमरावतीले जाईन."

मुंबईत रेडिओ टेबलावर बसतो हो. आमच्याकडे तो सायकलच्या हँडलला लटकून शेतात जातो! मी मागचं झाकण काढलं, रेडिओ तसाच हँडलला टांगला आणि खडीच्या रस्त्यानं निघालो. लोक बघून हसले, हसू दे. एका खड्ड्यात गाणं तुटलं. तिथंच उतरून मी तार न् तार दाबत गेलो. एका तारेचं सोल्डर हादऱ्यांनी सुटलं होतं. बोट ठेवलं की गाणं सुरू, उचललं की बंद. मी रस्त्यातच ओरडलो, "सापडला साला!"

मी अमरावतीला निघायच्या दिवशी दोस्त माझी ट्रंक उचलून एस.टी. स्टँडवर आला. ती टपावर चढवली, घाम पुसला आणि हसत म्हणाला, "भलताच जीव जळून राहिला बे माहा तुह्यावर." मग त्यानं चहा सांगितला. एकच कप, दोघांत.

मी वर्षभर जे गिळत बसलो, ते हा चहा यायच्या आत बोलून मोकळा! गाडीनं मूर्तिजापूर ओलांडलं तरी मी त्याच्यावर जळतच होतो.