शोभाचा दाखला

शोभा गेली तो मंगळवार होता. सकाळी तिने चहा केला, कपडे वाळत घातले आणि अकराच्या सुमारास ती जिन्यात बसली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं होतं.

शोभा माझ्या धाकट्या भावाची बायको. एकवीस वर्षं आम्ही सातपूरच्या एकाच घरात राहिलो. आता जे लिहिते आहे ते भावाला माहीत नाही, आईला तर शेवटपर्यंत कळलं नाही. मग तुम्हाला का सांगते? — कदाचित तुम्ही तिला ओळखत नाही म्हणून.

ती निफाडकडची. द्राक्षबागेत वाढलेली, आठवीत शाळा सुटलेली. आमच्याकडे आली आणि महिन्याभरात घर तिचं झालं. भावाची कारखान्यात पहिली पाळी असली की साडेपाचला डबा तयार. आईचे पाय चेपणं, पाणी भरणं — सगळं ती करायची, आणि गुणगुणत करायची. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. लग्न केलं नाही. आई मला 'आमची पुस्तकवाली' म्हणायची. त्या घरात तेवढी एकच जागा माझी होती. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. मला वाटत नव्हतं.

मग तिने माझी पुस्तकं वाचायला घेतली.

"ल्हानपणापासून नाद हाय, ताई. उन्हापासून जपायला द्राक्षाच्या घडांना रद्दी बांधायचो ना, मी वाचत वाचत बांधायची. बाप वरडायचा — घड बांधती का बातम्या देती? आन् कागद गुंडाळला की पुढं चोर सापडला का नाय, ते कळायचंच नाय!"

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले. पण आत काहीतरी टोचलं — त्याला हेवा म्हणायला मला कितीतरी वर्षं लागली.

दहावीला बाहेरून बसायचं तिने ठरवलं. सतरा नंबरचा फॉर्म. शाळा सोडल्याचा दाखला आणायला ती एकटी एसटीने गावी गेली. दुपारी ओट्यापाशी उभी राहून गणितं सोडवायची, मी तपासायचे. चूक सापडावी म्हणून तपासायचे — सापडत नसे. एकदा आई म्हणाली, "तुझ्याइतकं हिला शिकवलं असतं, तर कुठल्या कुठे गेली असती." एवढंच. पण हे बोलताना ती शोभाकडे बघत होती.

भरलेला फॉर्म शोभाने माझ्याकडे दिला. तो जिथे द्यायचा ती शाळा माझ्या वाटेवर होती. "तुमच्या हातानं गेला म्हंजी मी पासच," ती म्हणाली. फोटो, दाखला, सगळं पिनेने नीट लावलेलं. मुदतीला चार दिवस होते.

पहिल्या दिवशी मी विसरले — नाही, हेही खोटं. मी फाटकातून आत गेले होते. खिडकीशी रांगही नव्हती. थोडा वेळ उभी राहिले आणि परत फिरले. चारही दिवस.

पाचव्या दिवशी तिला सांगितलं, "जरा उशीर झाला गं माझ्याकडून. मुदत संपली. कागद शाळेतच राहिलेत, आणते मी." लहान चूक कबूल केली — कशासाठी, ते कळलंच असेल. तिचं लाटणं थांबलं. मग पुन्हा फिरू लागलं.

"पुढच्या वर्षी बघू. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, ताई."

संध्याकाळी आईने विचारलं तेव्हा मी दाराशीच होते. शोभा म्हणाली, "मलाच भ्या वाटलं परीक्षेचं. नाय भरला."

आईने मला बोलू नये म्हणून. कळतंय ना तुम्हाला? त्या क्षणी मी बोलू शकले असते. मला मात्र पुन्हा तिचाच राग आला — एवढं चांगलं असायची काय गरज होती?

पुढच्या वर्षी आईला अर्धांगवायू झाला. नऊ वर्षं शोभाने तिचं सगळं केलं. मधे एकदाच तिने विचारलं, "तो दाखला मिळाला का हो?" मी नाही म्हटलं.

शोभाच्या दहाव्याला घाटावर तिचा मामा म्हणाला, "पोर अडाणी, पन लय गुणाची व्हती." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

फॉर्म माझ्या कपाटात, शब्दकोशात आहे. पिनेचा गंज तिच्या फोटोवर उतरला आहे.