न चाखता भरलेली अंडी

उकडलेलं अर्धं अंडं तळहातावर ठेवून ताई हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "आधी मीठ सांग." मग अंड्याकडे नाही, खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. घास गिळेपर्यंत नजर हलायची नाही. तुम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात उभे असतात, तर तुम्हीही माझ्यासारखंच पटकन "मस्त!" म्हणून मोकळे झाला असतात.

दिल्ली कॅन्टोन्मेंटमधल्या आमच्या तीन मजली ब्लॉकमध्ये जवळजवळ सगळ्यांचे नवरे दूर होते. कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी जवानाची बदली झाली, की बायकामुलांना या ब्लॉकमध्ये क्वार्टर मिळायचं. नगरकडच्या खेड्यातून लग्न होऊन मी दिल्लीला आले, सहा महिने संसार केला आणि हे लडाखला गेले. ताई माझ्या खालच्या मजल्यावर. साताऱ्याकडच्या. त्यांचे यजमान हवालदार, वर्षभरापासून बर्फातल्या ठाण्यावर. मुलगी आठवीत.

ही अंडी आम्ही दोघी एकाच दिवशी शिकलो. जवानांच्या बायकांच्या बैठकीत एका साहेबांच्या मॅडमनी करून दाखवली. अंडं उकडून उभं कापायचं, बलक काढून त्यात बाटलीतलं मेयोनीज आणि मोहरीचा सॉस मळायचा, तो परत पांढऱ्यात भरायचा, वर चिमूटभर लाल भुकटी. नाव डेव्हिल्ड एग्ज. ताईंनी हात वर केला. "मॅडम, डेव्हिल मतलब?"

"शैतान," मॅडम हसून म्हणाल्या.

ताई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "अंड्यानं बिचाऱ्यानं काय केलंय गं कुणाचं?" घरी पोचेपर्यंत त्यांनी नाव बदललं होतं. भरली वांगी, तशी भरली अंडी.

मेयोनीजची बाटली त्यांनी एकदाच आणली. मुलीनं चाखून सांगितलं की गोड आहे, तेव्हा बाटली बाजूला झाली. मग ताईंनी दही फडक्यात बांधून चक्का केला. दिल्लीच्या थंडीत दही लागेना, म्हणून भांडं यजमानांच्या जुन्या लष्करी स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवायच्या. मोहरी पाट्यावर फेसायच्या, नाकात झिणझिण्या येईपर्यंत. वरच्या लाल भुकटीऐवजी गावाकडचा कांदा-लसूण मसाला. बलक बरोबर मधोमध राहावा म्हणून अंडी उकळताना चमच्यानं हळूहळू फिरवत राहायच्या. "आज आणलेलं अंडं आज सोलायचं नाही," त्या मला शिकवायच्या. "चार दिवस थांबलं की साल आपोआप सुटतं."

मुलगी दिल्लीतच वाढलेली. "आई, फेसायची म्हणजे? ग्राइंड करायची ना?"

"ग्राइंड वेगळं, फेसणं वेगळं. इकडे ये, वास घे, म्हणजे कळेल." मुलगी वास घेऊन शिंकत पळायची.

ताई स्वतः मात्र कधी अंडं तोंडात घालत नसत. माळकरी असतील असं मी धरून चालले होते. एकदा मीच म्हटलं, "ताई, गळ्यात माळ तर दिसत नाही."

त्या बलक मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आमच्या घरात एक अंडं दोघांत व्हायचं. बलक त्यांचा, पांढरं माझं. लग्नापासून. ते वर ठाण्यावर गेले त्या दिवशी स्टेशनवर शेवटचं खाल्लं. गाडी हलली आणि मी ठरवलं, आता ते परत आल्यावरच."

"नवस बोललात?"

"देवाला कशाला मध्ये घालायचं? माझं मीच ठरवलं." मग थोड्या वेळानं, "ते आले की पहिल्यांदा हीच करणार. तोवर जमली पाहिजेत ना. म्हणून तुला विचारते."

दिवाळीत यजमान वीस दिवसांच्या सुट्टीवर आले. काळवंडलेले, ओठ फुटलेले. भरली अंडी त्यांनी पोटभर खाल्ली. ताईंनी हात लावला नाही. "अगं, मी समोर बसलोय की!" ते वैतागून म्हणाले. ताई म्हणाल्या, "भेटायला आलाय. परत आलेला नाहीत."

जानेवारीत त्यांचे फोन बंद झाले. वर हवामान बिघडलं की लाइन जाते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. चार दिवस, पाच दिवस. सातव्या दिवशी टीव्हीवर हिमस्खलनाची बातमी आली. जागेचं नाव आम्हाला नीट कळलं नाही, पण भाग तोच होता. मी धावत खाली गेले, तर ताईंनी शेगडीवर मोठं पातेलं चढवलं होतं. त्यात तीसेक अंडी. त्या चमच्यानं ती फिरवत होत्या.

"ताई, इतकी कुणासाठी?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "बस. सोलायला लाग."

ब्लॉकमधल्या बाकीच्या बायकाही आल्या. कुणी रडलं नाही. सगळ्या जणी जमिनीवर बसून अंडी सोलत राहिल्या. समोरच्या पंजाबी भाभी एवढंच म्हणाल्या, "आ जाएगा फोन, दीदी." ताईंनी मान हलवली आणि साठ अर्धुकांत बलक भरला, एकेक, काठोकाठ. ताटल्या घरोघर पोचवल्या.

अकराव्या दिवशी दुपारी फोन वाजला. मुलगी शाळेत होती. ताईंनी तो कानाला लावला, ऐकलं, आणि भिंतीला धरून खाली बसल्या. "आवाज आला," त्या मला म्हणाल्या. "आवाज आला गं त्यांचा." मग रडल्या. तेवढंच मी त्यांना रडताना पाहिलं.

एप्रिलमध्ये यजमान कायमचे खाली आले. डाव्या पायाची दोन बोटं बर्फात गेली होती, पण आले. ताईंनी मला बोलावणं धाडलं. यजमान, मुलगी आणि मी अशा तिघांसमोर ताटली ठेवली. मग स्वतः एक अर्धुक उचललं आणि जवळजवळ दोन वर्षांनंतर पहिल्यांदा घास घेतला. चावता चावता थांबल्या. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, भरून आलं असेल.

"अगं बाई!" त्या खोकत म्हणाल्या. "केवढी ही मोहरी! आणि तू मला कधीच सांगितलं नाहीस?"

"मीठ बरोबर असायचं," मी म्हटलं. "तुम्ही मीठच विचारायचात."

यजमान ताटलीकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, साहेबलोकांची अंडी अशीच असतात." त्यावर ताई इतक्या हसल्या की त्यांना हातातलं अंडं खाली ठेवावं लागलं.

मे महिन्यात ते निवृत्त होऊन गावी गेले. ट्रंका बांधताना ताई म्हणत होत्या, "सुटले एकदाची या दिल्लीतून." आता फोनवर विचारतात, धुकं पडलं का, भाभी काय म्हणतात, जिन्यातला दिवा लावला का कुणी. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नाही. मागच्या अंगणात चूल मांडून कधीतरी करतात म्हणे. "पण बघायला कुणी नसतं गं," म्हणतात.

आमचे हे अजून वरच आहेत. फोन येतो, कधी येत नाही. परवा यांचा फोन आला नाही तो चौथा दिवस होता. मी जिना उतरले आणि नकळत खालच्या, ताईंच्या दाराशी थांबले, बेल वाजवली. नव्यानं राहायला आलेली, हातात अजून लग्नाचा चुडा असलेली एक मुलगी दारात आली.

"जी दीदी? कुछ चाहिए था?"

"नहीं," मी म्हटलं. आणि तिथेच उभी राहिले.