मयतीत मागितलेलं घर

घर पाहावं बांधून म्हणतात, पण काहलला ते बांधू कोण देतंय? एकोणतीस वर्षांचा बाप्या, हाताशी वायरमनचं काम, तेही इतकं की दुपारचं खाणं गाडीतच उरकायचं. झोपायला मात्र आईबापाच्या घरी, शाळेत असतानाच्या खाटेवर. पाय बाहेर लोंबतात. त्याची ब्रोना दवाखान्यात नर्स आहे. ती तिच्या आईकडे राहते, तासाभराच्या वाटेवर. दोघांनी आयर्लंडमधल्या त्यांच्या जवळच्या गॉलवे शहरात भाड्याची खोली शोधली. एका खोलीला जिन्यापासून रस्त्यापर्यंत रांग. भाडं ऐकून ब्रोनाला हसू फुटलं, रडायचं राहूनच गेलं.

बापाचं शेत आहे. त्याच्या कोपऱ्यात घर बांधावं, तर परवानगी देणारी कौन्सिल म्हणते, तू इथला आहेस हे दाखव. काहल जन्मला इथं, बाप्तिस्मा इथं, गावाच्या संघातून हर्लिंग खेळताना काठी लागून पुढचा दात पडला तोही इथंच. पण मधली चार वर्षं काम शिकायला डब्लिनला राहिला ना! तेच आडवं आलं. घरात लोळत पडला असता तर पक्का गावकरी ठरला असता. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशातली गत.

त्यात बापाचे चुलते, मायकोकाका, वारले. शवपेटीशेजारी घरचे ओळीनं उभे राहिले आणि एकेकाचा हात हातात घेत गाव पुढं सरकू लागलं. काहलची आई नूला त्याच्या कानाशी लागली.

"आता कौन्सिलर येईल. एक मयत चुकवत नाही मेला. तुझा हात धरला की घराचं विचार. सोडू नकोस हात."

"आई, काका इथं पडलेत गं!"

"ते काय उठून नको म्हणणारेत?"

कौन्सिलर आला. "फार वाईट झालं, काहल. देवमाणूस होता."

काहलनं हात घट्ट धरला. "डेक्लन, ते... शेतातल्या घराचं काही..."

मागची रांग खोळंबली. डेक्लननं दुसरा हातही काहलच्या हातावर ठेवला आणि डोळे मिटले. "आहे माझ्या डोक्यात," म्हणाला आणि पुढं सरकला.

मग घरी चहा, हॅमची सँडविचं आणि खल.

"झालंच समज," नूला म्हणाली. "दोन्ही हातांनी धरलं त्यानं!"

"दोन्ही हातांनी धरलं म्हणजे गेलं," बाप टॉमस म्हणाला. "काम होणार असलं की तो नुसती मान हलवतो."

"मग दर वेळी त्यालाच का मत देतोस तू?"

"त्याचा बाप माझ्या बापाच्या मयतीला आला होता. दुसऱ्या कुणाला देऊ?"

काहल एकदा आईकडे बघे, एकदा बापाकडे. तेवढ्यात ब्रोना आली आणि त्याला बाहेर शेताच्या फाटकापाशी घेऊन गेली.

"ऑस्ट्रेलियातल्या नोकरीचं, पर्थच्या दवाखान्याचं नक्की झालं. जानेवारीत जायचंय. तुझं काय?"

"कौन्सिलर म्हणाला, डोक्यात आहे."

"म्हणजे हो की नाही?"

"तेच कळत नाही."

ब्रोना फाटकावर रेलली. "बरं, स्वयंपाकघर कुठं होणार होतं ते तरी दाखव."

काहलनं काटेरी झुडपाकडे बोट केलं. मग म्हणाला, नको, तिकडून वारा येतो, इकडे. मग पुन्हा तिकडे. वर्षभर मनात बांधलेलं घर, आणि आता त्याला चूल सापडेना. गाई चरायच्या थांबून बघत राहिल्या.

"थांब म्हणतोस का मला?"

थांब म्हणावं तर कुठं थांब? त्या खाटेवर?

"मी पण येतो," काहल म्हणाला. ब्रोनानं त्याला मिठीच मारली.

तो आत आला तर टॉमस चहा ओतत होता. "रविवारी चर्चबाहेर गाठतो डेक्लनला. पण तू राहणार ना रे? नाहीतर मी कशाला त्याच्या मिनतवाऱ्या करू? गुरं आता एकट्याला आवरत नाहीत मला."

"राहणार की," काहल म्हणाला.

दोन्ही वेळा तो मनापासूनच बोलला होता. खोटं कुठलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं खरकटे कप गोळा केले आणि धुवायला खिडकीपाशी गेला. बाहेर अंगणात ब्रोना हसत हसत त्याच्या आईला काही सांगत होती, आणि आईचा हात तोंडावर गेला होता.