चोराला सलामी

चोराला मी आधी वाकून सलामी दिली आणि मग मार खाल्ला.

आता हे सांगितलं की लोक हसतात, मीही हसतो. तेव्हा घरात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. इंदापूरच्या माळावर मेंढरं चोरणाऱ्यांनी आदल्या उन्हाळ्यात आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा हात मोडला होता. हाडवैद्यानं बांधला, तो वाकडाच बसला. निम्मी मेंढरं तेव्हाच गेली. उरलेलीही गेली तर आबांना ऊस तोडायला जावं लागणार, आणि एका हाताच्या माणसाला कोयता देणार कोण? कॅनॉलचं पाणी आल्यापासून सणसर गावाकडं जिकडंतिकडं ऊस. चरायला माळही आटत चाललेला. सगळी भिस्त माझ्यावर. म्हणजे भिस्त नव्हतीच म्हणा.

आबांनी मला बारामतीला एका तालमीत घातलं. तिथले वस्ताद म्हातारे, मिशा तेवढ्या जवान.

"काय शिकायचंय?"

"चोर हाणायला."

"आधी वाकायला शिक."

तालमीत प्रत्येक डाव सलामीनं सुरू व्हायचा. हत्यार मातीला टेकवायचं, मग कपाळाला लावायचं, मग समोरच्यापुढं मान झुकवायची. विसरलं की पोटरीवर छडी. बाकी विद्येची गोष्ट विचारू नका. लाठी फिरवताना हातातून सुटायची, एकदा तर ती तालमीतला पाण्याचा रांजण फोडूनच थांबली. फरीगदग्यात एका हातात छोटी ढाल, दुसऱ्यात चामडं मढवलेली काठी. मी ढालीनं मारायचो आणि काठीनं अडवायचो. दांडपट्ट्याची लोखंडी मूठ कोपरापर्यंत चढवली, ते लवलवतं पातं पहिल्या फेरीतच माझं स्वतःचं मुंडासं चिरून गेलं.

"लेका," वस्ताद म्हणाले, "दुश्मनाला काय काम शिल्लक ठेवशील का न्हाय?"

सलामी मात्र माझी झकास. नव्या पोरांना वस्ताद मलाच पुढं करून दाखवायचे. त्यावर मी फुगून घरी आलो.

आबांपुढं लाठी फिरवून दाखवली. आई म्हणाली, "पुरं की. भाकरीवर धूळ बसतीया." आबांनी डाव्या हातानं आपली कुऱ्हाड माझ्याकडं सरकवली. त्यांच्याकडं द्यायला दुसरं होतं काय?

पुढं थोड्याच दिवसांनी सणसरजवळ एकाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. पहाट उजाडली, आबा ओढ्यावर पाण्याला गेले आणि तिघे जण बांध ओलांडून आले. पुढं एक उंच गडी, हातात काठी. आमचं कुत्रं भुंकत त्यांच्या अंगावर गेलं. मला एकही डाव आठवेना. पण अंगाला जे नीट शिकवलं होतं ते अंगानं केलं. कुऱ्हाड मातीला टेकवली, कपाळाला लावली, मान झुकवली.

उंच गडी थबकला. "ह्यो काय करतुया रं?"

"पाया पडतुया," मागचा म्हणाला.

"मग आशीर्वाद दे की!"

काठी माझ्या मानेवर बसली. मी तोंडघशी पडलो ते ढेकळात तोंड खुपसून पडूनच राहिलो. शुद्ध हरपली होती असं मी पुढं बरीच वर्षं सांगितलं, हरपली नव्हती. कळप हाकत नेल्याची खुरांची खडखड सगळी ऐकू येत होती.

आबा आले तेव्हा दोन लंगड्या मेंढ्या तेवढ्या उरल्या होत्या. त्यांनी रिकाम्या रानाकडं बघितलं, मग स्वतःच्या वाकड्या हाताकडं. तेवढ्यात कुत्रं परतलं, कान फाटलेला, तोंडात कुणाच्या तरी धोतराची चिंधी. आबा खाली बसले, मुंडाशाची पट्टी दातानं फाडून एका हातानं त्याचा कान बांधायला लागले.

मी म्हणालो, "आबा, माझ्याबी मानंला लागलंय."

त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाले, "ह्याला कुठल्या तालमीत घातलं न्हवतं, म्हणून धावलं तरी."