पिणारा मीटर

"मीटर नुसता बघतो, घेत काय न्हाय," असं रामहरी म्हणायचे.

अंथुर्ण्याहून मोटारसायकलवर ते बावीस वर्षं बारामती एमआयडीसीत येत होते. दुधाच्या एका कारखान्यात उपकरणं दुरुस्त करायचे. खिशात जुना पिवळा मल्टिमीटर. त्याच्यावरचा आकडा त्यांनी सांगितला की वाद संपायचा.

उन्हाळ्यात प्रयोगशाळेतलं दुधाचा आंबटपणा मोजणारं यंत्र भलतंच दाखवू लागलं. रामहरींनी त्याची काचेची कांडी तपासणीच्या द्रावणात बुडवून मीटर लावला. एकशे सत्तरच्या आसपास मिलिव्होल्ट यायला हवे होते. सोळा आले.

"गेली. आपटलीय कुणीतरी."

कांडी रोज प्रयोगशाळेत कामाला असलेली सुकन्या धुवायची. "काका, माझ्या हातनं पडली न्हाय," ती म्हणाली. तिच्यावरच्या साहेबांनी, मोहनरावांनी, आकडा ऐकला. उद्यापासून येऊ नको म्हणाले.

तीन आठवड्यांनी नवी, सीलबंद कांडी आली. रामहरींनी सवयीनं तपासली. पुन्हा सोळा.

म्हणजे मीटरच बिघडला. कारखान्यानं नुकताच घेतलेला मीटर त्यांनी आणला आणि त्यानं जुन्याचा आतला रोध मोजला. दहा मेगाओहम, पुस्तिकेत लिहिलेला तेवढाच. मग नवा मिलिव्होल्टवर ठेवून जुन्यानं त्याचा मोजला. आकडाच येईना, रोध जुन्याच्या मापापलीकडचा होता. नवाच खराब असणार, असं धरून त्यांनी तो कांडीला लावला. एकशे साठ. टाकून दिलेली कांडी कपाटातून काढली. तीही एकशे साठ.

ते स्टुलावर टेकले. कालव्याच्या चारीच्या टोकाला ज्याचं रान असतं त्याला हे कळतं. वरचे पितात आणि खाली ओल तेवढी येते. काचेतून येणारी वीज इतकी बारीक, की जुना मीटर मोजता मोजताच ती पिऊन टाकत होता. नवा जवळजवळ काही पीत नव्हता. कांडी पहिल्यापासून चांगली होती. त्यांनी यंत्र उघडून बघितलं, तर जोडणीत पाणी शिरलेलं, एवढंच.

त्यांनी आपली चूक लिहून मोहनरावांना दिली.

"आता कशाला उकरताय, रामहरी? तिच्या जागी दुसरी आलीय."

"तिच्या नावावरचा ठपका तरी पुसा."

"बघू." कागद फायलीत गेला.

दुसऱ्या दिवशी ते निमगाव केतकीला गेले. सुकन्या ओसरीवर डाळिंबं निवडत होती. तिची आई बनाबाई पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "मीटरवालं आलं गं. आता घर मोजायचं ऱ्हायलं आसंल."

रामहरींनी सगळं सांगितलं. सुकन्याचे हात थांबले नाहीत.

"म्हंजी मी पाडली नव्हती."

"न्हाय."

"परत घेत्याल का तिला?" बनाबाईनं विचारलं. "दोन ठिकाणी गेली काम मागाया. दोन्हीकडनं आधी तुमच्या कारखान्यात फोन, मग नको म्हणालं."

"बघू म्हणालं साहेब."

सुकन्यानं डागी डाळिंब बाजूला टाकलं. "मी तवाच सांगितलं हुतं की, काका. तवा का न्हाय दुसरा मीटर लावून बघितला?"

रामहरी उठले. पाणी तसंच राहिलं. पायरीवर चपला सरकवल्या आणि ते बाहेर पडले.