घर क्रमांक शून्य

“तू आहेसच कुठे?” साहेब त्या बाईला म्हणाले. कचेरी हसली. मीही हसलो.

ती गोराईची रोझाबाई. होडीने खाडी ओलांडून आली होती. हातात जुनं रेशनकार्ड. यंत्राने छापलेल्या नव्या यादीत तिचं नाव नव्हतं, म्हणून दुकानदाराने धान्य नाकारलं होतं.

“साहेब, मी समोर उभी हाय ना!”

“तू खोटं बोलशील. मशीन नाही बोलत.”

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या शिधावाटप कचेरीतल्या वह्यांमधलं एकेक कुटुंब मी छापील चौकटींत आकड्यांनी उतरवायचो. ते कागद फोर्टच्या मुख्य कचेरीत जायचे. तिथे त्यांची भोकं पाडलेली कार्डं व्हायची आणि त्यावरून यंत्र यादी छापायचं. रोझाबाईचा वहीतला पत्ता होता, ‘क्रुसामागचं घर’. घराला नंबर नव्हता. चौकट रिकामी ठेवली की कागद परत यायचा, साहेबांची बोलणी बसायची. म्हणून मी शून्यं भरली. शून्य म्हणजे घर सोडून गेलेले, त्यांचं नाव यंत्र गाळणार, असं सूचनापत्रकात होतं. मी ते वाचलं होतं. तरी भरली.

मी मान खाली घालून पुढचा कागद ओढला. मग साहेब माझ्याकडे वळले.

“काय रे, तुमच्या कांदिवलीच्या झोपड्यांना तरी नंबर आहेत का? बघ, तू तरी आहेस का यादीत! तुमच्या लोकांना मशीनसुद्धा शिवेना.”

पुन्हा हशा. मी यादी उघडली. आमची वस्तीच नव्हती. आमचं कार्ड आईच्या नावावर, तिचंही नाव नव्हतं. तीही शून्यं माझ्याच हातची. तिच्या नावापाशी हात थांबलासुद्धा नव्हता.

संध्याकाळी साहेबांनी एक कागद पुढे केला. ‘यादी वह्यांशी ताडून पाहिली, बरोबर आहे.’ खाली माझी सही हवी होती. सही झाली की वह्या रद्दीत. मग रोझाबाई कुठेच उरली नसती. आईही.

“सही करणार नाही,” मी म्हणालो. “यादी चुकीची आहे. शून्यं मी भरली. तसं लिहून देतो.”

“नोकरी जाईल. कळतंय ना?”

लिहून दिलं. नोकरी टिकली, वह्या कपाटात राहिल्या. रोझाबाई मात्र त्या दिवशी रिकाम्या पिशवीनेच परत गेली होती.

आता म्हणे सगळ्याच कचेऱ्यांच्या याद्या यंत्रावर जाणार. तिथेही माझ्यासारखा कुणी घाबरट कारकून बसलेला असेल, म्हणून हा गुन्हा उघड सांगतोय. न ताडलेल्या यादीवर मी सही करणार नाही. माणूस समोर उभं असेल तर यादी खोटी. हे मी कुठल्याही साहेबाला तोंडावर सांगेन.